न दिसणाऱ्या धोक्याची साक्ष
'सायलेंट स्प्रिंग'ची लेखिका रॅचेल कार्सन यांची जीवनकथा

वॉशिंग्टनमधील सिनेटच्या सुनावणी कक्षात ४ जून १९६३ रोजी पत्रकारांची आणि कॅमेऱ्यांची गर्दी उसळली होती. सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या उपसमितीपुढे त्या दिवशी एका लेखिकेची साक्ष होती. आठच दिवसांपूर्वी वयाची ५६ वर्षे पूर्ण केलेली ही स्त्री शांतपणे, आवाज न चढवता बोलत होती. घरांवर, शेतांवर आणि जंगलांवर विमानांतून फवारल्या जाणाऱ्या विषांविषयी ती समितीला माहिती देत होती. डोळ्यांना न दिसणारा धोका नागरिकांपासून लपवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा तिच्या साक्षीचा गाभा होता.

त्या कक्षातील जवळजवळ कोणालाच एक गोष्ट ठाऊक नव्हती. साक्षीदाराच्या डोक्यावर केसांचा टोप होता, कारण किरणोपचारांनी तिचे केस गळले होते. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता. आपले दिवस मोजके उरले आहेत हे तिला माहीत होते आणि ते बाहेर कळू नये यासाठी ती जिवाचा आटापिटा करीत होती. या साक्षीनंतर दहा महिन्यांनी रॅचेल कार्सन यांचे निधन झाले. पर्यावरणातील धोक्याकडे समाज कसा पाहतो, कधी डोळेझाक करतो आणि कधी जागा होतो, याचा विसाव्या शतकातील सर्वांत बोलका धडा त्यांच्या चरित्रात सामावलेला आहे.

नदीकाठचे बालपण

रॅचेल लुईझ कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. अ‍ॅलेघेनी नदीच्या काठी, पिट्सबर्गपासून जवळच असलेल्या या गावात कार्सन कुटुंबाची सुमारे ६५ एकर जागा होती. घरची स्थिती बेताची होती. तीन भावंडांत रॅचेल धाकटी. आई मारिया ही शिकलेली, पुस्तकांची आणि निसर्गाची आवड असलेली स्त्री होती. धाकट्या लेकीचा हात धरून ती रानात हिंडे, पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवी आणि घरात शिरलेला किडाही न मारता बाहेर सोडून देई.

पिट्सबर्ग ही पोलादाची नगरी. तिच्या कारखानदारीची छाया स्प्रिंगडेलवरही पडत होती. नदीकाठी कोळशावर चालणारी वीजकेंद्रे उभी राहिली, हवा आणि पाणी बदलत गेले. प्रगतीची किंमत म्हणून गावाने ते निमूटपणे स्वीकारले. पुढे रॅचेल यांनी ज्या वृत्तीविरुद्ध लेखणी उचलली, तिचे पहिले दर्शन त्यांना स्वतःच्या गावातच घडले असणार.

लेखनाची ओढ मात्र लहानपणापासूनची. १९१८ मध्ये, अकराव्या वर्षी, 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात त्यांची पहिली गोष्ट छापून आली. पिट्सबर्गच्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला तो लेखिका होण्याच्या इराद्याने. मुलीची फी भरता यावी म्हणून आईने पियानोच्या शिकवण्या वाढवल्या, घरातील चिनी मातीची भांडी विकली. कॉलेजात मेरी स्कॉट स्किंकर या जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेने रॅचेल यांना सूक्ष्मदर्शकाखालचे जग दाखवले आणि त्यांनी इंग्रजी सोडून जीवशास्त्र घेतले. आता साहित्य कायमचे सुटले, असेच त्यांना त्या वेळी वाटले होते. प्रत्यक्षात पुढे या दोन वाटा एकत्र आल्या, आणि त्यातूनच त्यांचे नाव जगाला कळले.

१९२९ मध्ये पदवी मिळाल्यावर त्या वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत उन्हाळी अभ्यासासाठी गेल्या. समुद्राविषयी कितीतरी वाचलेल्या या मुलीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात एम. ए. केले. त्यापुढे डॉक्टरेट करण्याची इच्छा होती. पण ती महामंदीची वर्षे होती. १९३५ मध्ये वडील अचानक वारले आणि कुटुंबाचा भार रॅचेल यांच्यावर आला.

समुद्राची लेखिका

सरकारच्या मत्स्य विभागाला तेव्हा समुद्री जीवनावर ५२ भागांची छोटी आकाशवाणी मालिका हवी होती. शास्त्र जाणणारा आणि लोकांना कळेल असे लिहिणारा माणूस सापडत नव्हता. ते काम रॅचेल यांच्याकडे आले. १९३६ मध्ये स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या त्याच विभागात कनिष्ठ जीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. या खात्यात अशा पदावर आलेल्या त्या दुसऱ्याच स्त्री होत्या.

पुढच्याच वर्षी थोरली बहीण मॅरियन दोन लहान मुली मागे ठेवून गेली. रॅचेल आणि त्यांच्या आईने त्या मुलींना सांभाळले. दिवसा कचेरी, रात्री लेखन आणि मधल्या वेळात घरसंसार, असे त्यांचे आयुष्य होते. त्यांनी लग्न केले नाही. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे पहिले पुस्तक 'अंडर द सी-विंड' प्रसिद्ध झाले. पण महिनाभरातच पर्ल हार्बरवर बाँब पडले, देश युद्धात उतरला आणि पुस्तकाच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

दहा वर्षांनी मात्र नशीब पालटले. १९५१ मध्ये आलेले 'द सी अराउंड अस' हे समुद्राचे चरित्र ८६ आठवडे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले आणि त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. खात्याच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादकपदावर असलेल्या कार्सन यांनी १९५२ मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. मेन राज्यातील साउथपोर्ट बेटावर, समुद्राला लागून त्यांनी लहानसे घर बांधले. तिथे शेजारच्या डोरोथी फ्रीमन यांच्याशी त्यांची मैत्री जुळली आणि ती अखेरपर्यंत टिकली. १९५५ मध्ये 'द एज ऑफ द सी' हे तिसरे पुस्तक आले. अमेरिकेच्या मध्यमवर्गीय घराघरांत आता त्यांचे नाव आदराने घेतले जात होते. त्या तेथेच थांबल्या असत्या, तर एक लोकप्रिय निसर्गलेखिका एवढीच त्यांची नोंद झाली असती.

चमत्काराची पूड

या काळात अमेरिका एका पांढऱ्या पुडीच्या प्रेमात पडली होती. डीडीटी हे रसायन १८७४ मध्येच तयार झाले होते. मात्र त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने शोधला. दुसऱ्या महायुद्धात या पुडीने अक्षरशः चमत्कार केला. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात टायफसची साथ पसरली तेव्हा लाखो लोकांच्या अंगावर डीडीटी टाकून उवा मारण्यात आल्या आणि साथ आटोक्यात आली. हिवतापाच्या डासांवरही ती रामबाण ठरली. १९४८ मध्ये म्यूलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

युद्ध संपल्यावर हे औषध शेतात, अंगणात आणि स्वयंपाकघरात पोहोचले. अमेरिकेतील कृत्रिम कीटकनाशकांचे उत्पादन १९४७ मध्ये सुमारे १२ कोटी पौंड होते, ते १९६० पर्यंत ६३ कोटी पौंडांवर गेले. फवारणीच्या गाडीमागून मुले खेळत धावत. कोणी जागच्या जागी मरून पडत नव्हते, त्यामुळे यात काही वावगे असेल ही शंकाच लोकांना येत नव्हती.

धोका समजण्यात समाजाची गफलत होते ती इथेच. लाभ तत्काळ आणि डोळ्यांसमोर दिसतो. हानी हळूहळू, दूरवर आणि बहुधा दुसऱ्याच्या वाट्याला येते. पुराचे पाणी दारात शिरले की माणूस पळतो. चरबीत कणाकणाने साठणाऱ्या विषाला ना वास, ना रंग. शिवाय ज्या शास्त्रज्ञांनी युद्ध जिंकून दिले, ते सांगतात म्हणजे सारे सुरक्षितच असणार, ही श्रद्धा त्या पिढीत खोलवर रुजलेली होती.

कार्सन यांना शंका आली होती ती खूप आधी. मेरीलँडमधील पॅटक्संट येथे त्यांच्याच खात्याचे सहकारी डीडीटीचे वन्यजीवांवरील परिणाम तपासत होते. १९४५ मध्ये त्यावर लेख लिहिण्याचा प्रस्ताव कार्सन यांनी 'रीडर्स डायजेस्ट'कडे पाठवला. मासिकाला त्यात रस वाटला नाही. विषय तेरा वर्षे मागे पडला.

दारात आलेले विमान

१९५७ मध्ये सरकारी कृषी खात्याने दोन मोठ्या मोहिमा हाती घेतल्या. ईशान्येकडील राज्यांत जिप्सी पतंगाच्या अळ्या झाडांची पाने खात होत्या. त्यांच्या नाशासाठी इंधन तेलात मिसळलेले डीडीटी विमानांतून फवारण्यात आले. दक्षिणेत लाल मुंग्यांचा नायनाट करण्यासाठी डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर ही त्याहून जहाल विषे वापरली गेली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर भाजीपाल्याचे मळे, गायींची कुरणे, मासळीची तळी आणि घरांची अंगणे या साऱ्यांवर सरसकट विषाचा पाऊस पडला. आमच्या जमिनीवर फवारू नका, अशी लेखी विनंती करणाऱ्यांनाही कोणी विचारले नाही.

तेथील काही रहिवासी न्यायालयात गेले. त्यांत पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी होते, तसेच रसायनांविना बाग फुलवणाऱ्या मार्जोरी स्पॉक होत्या. खालच्या न्यायालयात खटला फेटाळला गेला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र त्याला असहमती नोंदवली. न्यायालयात रहिवासी हरले, पण खटल्याच्या निमित्ताने शेकडो पानांची तज्ज्ञ साक्ष जमा झाली आणि ती स्पॉक यांनी कार्सन यांच्या हाती दिली.

याच सुमारास, जानेवारी १९५८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील डक्सबरी येथून ओल्गा ओवेन्स हकिन्स या परिचित बाईंचे पत्र आले. हकिन्स दांपत्याने आपल्या जागेत पक्ष्यांसाठी छोटे अभयारण्य राखले होते. डासांसाठी झालेल्या फवारणीनंतर तेथे पक्षी पटापट मरून पडले. त्यांनी 'बोस्टन हेराल्ड'ला लिहिलेल्या तक्रारीची प्रत कार्सन यांना पाठवून मदत मागितली होती.

कार्सन यांना स्वतः पुस्तक लिहायचे नव्हते. लाँग आयलंडच्या खटल्यावर लिहावे म्हणून त्यांनी आधी ई. बी. व्हाइट या नामवंत लेखकाला गळ घातली. व्हाइट यांनी उलट त्यांनाच हे काम करण्यास सुचवले. घरातही कसोटीचे दिवस होते. १९५७ मध्ये भाची मार्जोरी वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला कार्सन यांनी दत्तक घेतले. १९५८ च्या डिसेंबरमध्ये आई गेली. लहान मूल, एकटेपण आणि समोर दारूगोळ्यासारखा विषय, अशा स्थितीत त्यांनी लेखणी हाती घेतली.

पुरावा आणि आजार

पुढची चार वर्षे त्या पुरावा गोळा करीत राहिल्या. सरकारी अहवाल, वैद्यकीय नियतकालिके, पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी, देशोदेशींच्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार, असा ढीग साचत गेला. सरकारी खात्यांतील अनेकांनी त्यांना गुपचूप माहिती पुरवली. पुस्तकाच्या अखेरीस जोडलेल्या संदर्भांनीच पन्नासहून अधिक पाने व्यापली. आपल्यावर तुटून पडण्यासाठी एक जरी चूक सापडली तरी पुरे होईल, याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

दरम्यान १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये एक वेगळीच घटना घडली. अमेरिकी लोकांच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या तोंडावर क्रॅनबेरीच्या काही मालात अमिनोट्रायझोल या तणनाशकाचा अंश आढळला. आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी तो जाहीर केला आणि सणाच्या ताटातून ही लाल बोरे एकाएकी नाहीशी झाली. त्याआधीच अणुचाचण्यांतील किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम दुधावाटे मुलांच्या हाडांत उतरते, ही भीती आयांच्या मनात घर करून होती. दिसत नसलेल्या गोष्टीलाही भ्यावे लागते, हे समाज हळूहळू शिकत होता. कार्सन यांनी आपल्या पुस्तकात रसायनांना किरणोत्सर्गाच्या शेजारी बसवले, त्यामागे ही जाण होती.

१९६० च्या वसंतात त्यांच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची आहे का, हे त्यांनी स्पष्ट विचारले होते; पण शल्यविशारदाने खरे सांगितले नाही. स्त्री रुग्णाला, त्यातही अविवाहित स्त्रीला, असे काही न सांगण्याचीच तेव्हा रीत होती. त्या वर्षाच्या अखेरीस दुसरी गाठ दिसली तेव्हा क्लीव्हलँडचे डॉ. जॉर्ज क्राइल यांच्याकडून त्यांना सत्य समजले. तोवर मोलाचे महिने हातचे निघून गेले होते. माहिती दडवण्याची किंमत किती जबर असते, हे लिहिणाऱ्या लेखिकेला ती स्वतःच्या शरीराने मोजावी लागली.

त्यानंतर किरणोपचार, सांधेदुखी, डोळ्यांचा विकार अशी दुखण्यांची रांग लागली. काही आठवडे तर वाचणेही अशक्य झाले. सहायिका मजकूर वाचून दाखवी आणि त्या दुरुस्त्या सांगत. आजाराची वार्ता मात्र त्यांनी मोजक्या जिवलगांपलीकडे जाऊ दिली नाही. कर्करोगाने पिडलेली बाई रसायनांवर राग काढते आहे, असे म्हणण्याची संधी विरोधकांना मिळू नये, हा त्यामागचा हेतू होता.

पक्षी का गप्प झाले?

'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात १६ जून १९६२ पासून तीन भागांत हे लेखन प्रसिद्ध झाले आणि २७ सप्टेंबरला 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक बाजारात आले. वसंत ऋतू आला आहे, पण पक्षी गात नाहीत, अशा एका काल्पनिक गावाच्या चित्राने पुस्तक सुरू होते. त्या गावावर आलेले प्रत्येक संकट कुठे ना कुठे प्रत्यक्षात घडून गेलेले होते.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराचे उदाहरण वाचकांच्या मनात विशेष ठसले. तेथे मासेमारीसाठी येणाऱ्यांना बारीक चिलटांचा त्रास होई. म्हणून १९४९ पासून डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी पाण्यात मिसळण्यात आले. प्रमाण अगदी किरकोळ, पहिल्या वेळी सात कोटी भाग पाण्याला एक भाग. चिलटे मेली, काही वर्षांनी परत आली, पुन्हा औषध टाकले गेले. मग ग्रीब नावाचे पाणपक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत दर दहा लाख भागांत १६०० भाग इतके विष सापडले. पाण्यातून सूक्ष्म वनस्पतींत, तेथून लहान माशांत, मोठ्या माशांत आणि अखेर पक्ष्यांत, अशा पायऱ्या चढत ते साठत गेले होते. पाणी तपासणाऱ्याला काहीच आढळले नसते. धोका पाण्यात नव्हे, अन्नसाखळीत होता.

मिशिगनमध्ये एल्म वृक्षांच्या रोगावर डीडीटी फवारले गेले. विषारी पाने जमिनीवर पडली, गांडुळांनी ती खाल्ली आणि पुढच्या वसंतात ती गांडुळे खाऊन रॉबिन पक्षी तडफडून मेले. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात प्रा. जॉर्ज वॉलेस यांनी याची नोंद ठेवली होती. रॉबिन हा अमेरिकेत आपल्याकडील चिमणी-साळुंकीसारखा अंगणातला पक्षी. दूरच्या सरोवरापेक्षा खिडकीबाहेर गप्प झालेल्या या पक्ष्याने सामान्य वाचकाला अधिक अस्वस्थ केले.

कार्सन यांनी सर्व कीटकनाशकांवर सरसकट बंदी मागितली नव्हती, हे इथे नमूद करायला हवे. अंदाधुंद वापर थांबवा, जैविक उपायांचा विचार करा आणि ज्यांच्यावर हे विष पडते त्यांना माहिती द्या, अशी त्यांची मागणी होती. किडींमध्ये औषधाला न जुमानण्याची शक्ती येते आणि अतिवापराने रोगनियंत्रणाचे हत्यारच बोथट होते, हा इशाराही त्या पुस्तकात होता. डीडीटीमुळे साथीच्या रोगांपासून किती जीव वाचले याचे वर्णन मात्र त्यांनी थोडक्यात आटोपले, हा टीकाकारांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

वादळ आणि कौल

रसायन उद्योग खवळून उठला. क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर बनवणाऱ्या वेल्सिकॉल कंपनीने प्रकाशकाला न्यायालयीन कारवाईचा इशारा दिला. प्रकाशक डगमगला नाही. मोन्सँटो कंपनीने कीटकनाशके नसलेल्या भुकेल्या अमेरिकेचे भीषण चित्र रंगवणारे विडंबन छापून वाटले. उद्योगांच्या संघटनेने प्रचारावर अडीच लाख डॉलर खर्च केल्याचे सांगितले जाते. टीका युक्तिवादापुरती उरली नाही. त्या डॉक्टरेट नसलेल्या, अविवाहित, हळव्या, मांजरे आणि पक्षी यांच्यात रमणाऱ्या बाई आहेत, इथपासून त्या कम्युनिस्टांच्या हस्तक असाव्यात, इथपर्यंत मजल गेली. धोक्याची घंटा वाजली की घंटेचा आवाज ऐकण्याऐवजी ती वाजवणाऱ्याची जात, लिंग आणि निष्ठा तपासण्याची सवय समाजांना जुनीच आहे.

पण त्याच उन्हाळ्यात थॅलिडोमाइड औषधामुळे युरोपात हातापायांविना जन्मलेल्या बालकांची छायाचित्रे अमेरिकी वृत्तपत्रांत झळकली होती. तज्ज्ञांचा शब्दही चुकू शकतो, हे लोकांना पटले होते. २९ ऑगस्ट १९६२ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांनी पत्रकार परिषदेत कार्सन यांच्या लेखनाचा उल्लेख करून सरकार या प्रश्नाची तपासणी करीत असल्याचे सांगितले. ३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस वाहिनीने त्यावर तासाभराचा कार्यक्रम दाखवला. पाचपैकी तीन जाहिरातदारांनी आयत्या वेळी अंग काढून घेतले, तरीही कार्यक्रम झाला. पांढरा डगला घालून बाजू मांडणारे उद्योगाचे शास्त्रज्ञ आणि समोर शांतपणे उत्तरे देणाऱ्या कार्सन, असे दृश्य लाखो घरांनी पाहिले. हळवी, भडक बाई या प्रतिमेचा निकाल त्या रात्री लागला.

१५ मे १९६३ रोजी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी कीटकनाशकांचा वापर टप्प्याटप्प्याने संपवावा, अशी शिफारस त्यात होती. कार्सन यांचे पुस्तक येईपर्यंत या विषारीपणाची जनतेला जाणीव नव्हती, याची नोंदही समितीने केली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी रिबिकॉफ उपसमितीपुढे ती साक्ष झाली. आपल्याच घरात दुसऱ्याने टाकलेल्या विषापासून सुरक्षित राहण्याचा नागरिकाचा हक्क मान्य व्हावा, विमान फवारणीवर कडक बंधने यावीत, कीटकनाशकांवर स्वतंत्र संशोधन व्हावे, अशा त्यांच्या सूचना होत्या.

१४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील राहत्या घरी रॅचेल कार्सन यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या अस्थींचा काही भाग आईच्या शेजारी पुरण्यात आला. उरलेला भाग डोरोथी फ्रीमन यांनी मेनच्या किनाऱ्यावर समुद्राला अर्पण केला.

नंतरचा हिशेब

पुढे जे घडले ते पाहायला त्या नव्हत्या. डिसेंबर १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. जून १९७२ मध्ये तिचे प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनी शेतीतील डीडीटी वापर जवळपास पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय दिला. निर्यात आणि सार्वजनिक आरोग्यासाठीचा वापर मात्र खुला राहिला. १९८० मध्ये कार्सन यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन नामशेष होऊ घातलेला टकला गरुड, हे अमेरिकेचे राष्ट्रीय प्रतीक, सावरला. १९६३ मध्ये अलास्का वगळता देशात त्याच्या पाचशेहून कमी जोड्या घरटी करीत होत्या. २००७ मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर आला तेव्हा त्या दहा हजारांच्या घरात होत्या. २००१ च्या स्टॉकहोम कराराने डीडीटीचा वापर जगभर रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरता मर्यादित केला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डीडीटी माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे ठरवले.

डीडीटीविरुद्ध आवाज उठवून कार्सन यांनी हिवतापाला मोकळे रान दिले, असा आरोप पुढे होत राहिला. भारताचा अनुभव या आरोपाला उत्तर देण्यास पुरेसा आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. डीडीटी फवारणीने १९६५ पर्यंत ही संख्या एक लाखावर आली. फवारणी थांबवा असे कोणी सांगितले नव्हते, तरी १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. डासांनी औषध पचवले होते आणि यंत्रणा सैलावली होती. कार्सन यांचा बोथट होणाऱ्या हत्याराचा इशारा येथे खरा ठरला. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यावर १९८९ मध्ये बंदी आली.

कीटकनाशकांचा प्रश्न मात्र तेथे संपला नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. बागांखालच्या वाड्या-वस्त्यांतील आजारी मुलांकडे बोट दाखवणाऱ्यांना आधी अडाणी, मग विकासविरोधी ठरवण्यात आले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर देशभर बंदी घातली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला फारतर रुमाल आणि बाटलीवरच्या बारीक अक्षरांतली सूचना वाचून सांगायला कोणी नाही, अशा अवस्थेत ही माणसे उंच वाढलेल्या कपाशीत शिरली होती.

लाँग आयलंडच्या रहिवाशांनी १९५७ मध्ये विमानाकडे पाहत विचारलेला प्रश्न साधा होता. आमच्या अंगावर काय पडते आहे, हे आम्हाला आधी कोणी का सांगितले नाही? रॅचेल कार्सन यांनी तो प्रश्न सिनेटच्या सभागृहापर्यंत नेला. यवतमाळच्या शेतबांधावर तो पुन्हा तसाच उभा राहिला.